पुजलेलं ग्रिल

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "विडी?"

"कधीच नाही," चाचा म्हणाले.

"मग काम काय करता?"

"सीख कबाब. गाडी नाही, दुकान आहे."

"कोळशावर?"

चाचांनी मान हलवली. डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात सरकवला. "म्हणजे तीच विडी. रोज संध्याकाळी, तीस वर्षं. आता एक तर कोळसा बंद करा, नाहीतर पायऱ्या चढणं बंद होईल."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. चाचांचा मुलगा कामावर होता, म्हणून त्यांना दवाखान्यात घेऊन मी आलो होतो. आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीमागच्या गल्लीत चाचांचं दुकान होतं. एक शटर, एक कट्टा, कट्ट्यावर लांबट लोखंडी शेगडी आणि समोर तीन बाकडी. त्यांच्या घराण्याची ही तिसरी पिढी पुण्यात. संध्याकाळच्या पाळीचे उपसंपादक पहिली पानं लावण्याआधी तिथे जाऊन खाऊन येत. मीही त्यांतलाच. चाचा मला संपादकसाहेब म्हणत. मी संपादक कधीच नव्हतो, पण दुरुस्ती केली तर ते म्हणत, "गल्लीत तुम्हीच आहात."

मुलाचं म्हणणं सरळ होतं. दुकान बंद करायचं. तो एका कंपनीत संगणकाचं काम करत होता, घर त्याच्या पगारावर चालू शकत होतं. "अब्बा, तुम्हाला proof आणखी काय पाहिजे? रिपोर्ट समोर आहे," तो म्हणाला.

"गॅसवर करून बघतो," चाचा म्हणाले.

"गॅसवरचे कबाब तुम्ही खाल्ले नव्हते. मामूंच्या लग्नात. आठवतंय?"

ते खरं होतं. लग्नाच्या केटररने पातळ पत्र्याच्या गॅस शेगडीवर कबाब भाजले होते आणि चाचांनी एक घास घेऊन ताट बाजूला ठेवलं होतं. शेवटी बापलेकांत ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत चाचांनी गॅसवर स्वतःच्या हातचे कबाब करून दाखवायचे. चव आली तर दुकान चालू. नाही आली तर शटर कायमचं खाली. तोपर्यंत कोळसा नाही. दुकान त्याच दिवशी बंद झालं. गल्लीत विचारणाऱ्यांना चाचा सांगत, "दुरुस्ती चालू आहे." कसली, ते सांगत नसत.

इथल्या बनावटीच्या पत्र्याच्या शेगड्या चाचांना नको होत्या. त्यांना हवं होतं ते त्यांनी एका भाच्याच्या गच्चीवर पाहिलं होतं: परदेशातून आणलेलं, जाड पेटीचं, झाकणाचं गॅस ग्रिल, बिडाच्या जाळीचं. असं नवं ग्रिल त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. जुनी मात्र पुण्यात होती आणि ती का होती, हे मला माहीत होतं. नोकरीची शेवटची वर्षं मी छोट्या जाहिरातींच्या पानावर काढली होती. अमेरिकेत काही वर्षं राहून परत येणारी कुटुंबं कंटेनरमधून सगळं घर आणत. त्यात ग्रिलही येई. इथे आल्यावर कळे की बाल्कनीत ते मावत नाही, मावलं तर सोसायटी पेटवू देत नाही, आणि पेटवू दिलं तर वरच्या मजल्यावरच्या आजींना वास सहन होत नाही. मग दोनेक वर्षांनी जाहिरात. "उत्तम स्थितीत" याचा अर्थ झाकण उघडून पाहिलेलं नाही. "क्वचित वापरलेले" याचा अर्थ बाहेर पावसात उभं आहे. "जागेअभावी विकणे" ही त्यातल्या त्यात खरी.

मी निवृत्त होतो, माझ्याकडे जुनी मारुती व्हॅन होती आणि जाहिराती वाचायची सवय सुटली नव्हती. त्या पावसाळ्यात आम्ही दोघं रविवारी निघू लागलो.

पहिलं ग्रिल बिबवेवाडीत पाहिलं. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान विकणारा एक दुकानदार होता. ग्रिल चंदेरी रंगात चकाकत होतं. चाचांनी झाकणाला हात लावला.

"हात लावू नका, रंग ओला आहे," दुकानदार गल्ल्यावरूनच म्हणाला.

"जुनं आहे का?" मी विचारलं.

"नवं हवं असतं तर आपण इथे आला नसता."

"आतून बघू का?"

"बघा. बघायला हरकत नाही. लोक बघूनच जातात."

चाचांनी जाळी उचलली आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर पेटीच्या तळाला टेकवला. फार जोर लावला नाही. टोक रंगातून, गंजातून आरपार गेलं आणि खाली फरशीवर वाजलं.

"आता घ्यावं लागेल," दुकानदार म्हणाला.

"शेठ," चाचा म्हणाले, "हे भोक मी पाडलं नाही. मी फक्त कुठे आहे ते दाखवलं."

दुकानदार पहिल्यांदाच हसला. चहा मागवला. आम्ही चहा पिऊन निघालो.

त्या दिवसापासून एक रीत पडली. चाचांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक खिशात ठेवायला सुरुवात केली. झाकण, पेटी आणि आतल्या जाळाच्या नळ्यांना ते लावून पाहायचे. जिथे चुंबक चिकटे तिथे साधं लोखंड, म्हणजे आज ना उद्या गंज. मग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहायचं. मग बोटाच्या पेराने झाकण वाजवायचं. तडा असेल तर आवाज बसका येतो. रबरी नळी, बटणं, ठिणगी पाडायचं यंत्र यांकडे चाचा बघतही नसत. "जे बदलता येतं त्याचं रडगाणं मालकाला गाऊ दे," ते म्हणत. "पेटी आणि नळ्या धड असल्या की बाकी सगळं मिळतं."

धायरीला एका नव्या इमारतीच्या गच्चीवर गेलो तेव्हा मला वाटलं, काम झालं. मालक तरुण होता, अर्ध्या चड्डीत, हातात चहाचा मग. झाकण जाड होतं, जाळी बिडाची होती, चुंबक नळ्यांना चिकटलं नाही.

"Actually काका, एकदाच यूज केलंय," तो म्हणाला. "पार्टी होती. बाकी brand new."

चाचांनी खाली वाकून पेटीचा तळ पाहिला. तळ मधोमध खाली लोंबत होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा. दोन नळ्या वाकल्या होत्या.

"बेटा, त्या पार्टीत यात काय जाळलं?"

तरुणाने चहाचा मग कठड्यावर ठेवला. "मित्र म्हणाले, गॅसवर चुलीची टेस्ट येत नाही. म्हणून मग आम्ही थोडे कोळसे टाकले."

"थोडे?"

"एक पोतं."

जिना उतरताना चाचांना खोकला आला आणि त्या खोकल्यातच हसूही आलं. पहिल्या मजल्यावर ते कठडा धरून थांबले. "म्हणजे त्यालाही कोळसाच भोवला," ते म्हणाले. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मित्रांचं म्हणणं त्यांच्या डोक्यात राहिलं असावं. सिंहगड रस्त्यावर वाहतूक तुंबली होती, तेव्हा ते म्हणाले, "पोरं चुकीचं बोलली नाहीत. चव येत नाहीच."

यानंतर आम्ही आणखी काही ग्रिलं पाहिली. एकाचं झाकण तडकलेलं होतं, एकाची रबरी नळी उंदरांनी खाल्ली होती आणि पेटीत त्यांचा संसार होता. एक चांगलं होतं, पण मालकीणबाईंनी चाचांचं नाव विचारलं आणि मग म्हणाल्या की ते कालच दुसऱ्या कोणाला तरी दिलं आहे. पुढच्या रविवारी जाहिरात तशीच होती. चाचांनी ती मला दाखवली नाही, मीही त्यांना दाखवली नाही.

गणपती उठले. दिवाळी जवळ येऊ लागली. मुलगा रोज काही म्हणत नव्हता, पण दुकानाच्या जागेसाठी कोणी मोबाइलवाला चौकशी करून गेल्याचं त्याने जेवताना सांगितलं होतं.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या ग्रिलची जाहिरात छापील नव्हती. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं. उसाच्या रानाला लागून एक नवा बंगला, तीन बाजूंना इमारती उठलेल्या. घर शेतकऱ्याचं, जमिनीचा काही भाग बिल्डरला गेलेला, काही अजून उसाखाली. मुलगा अमेरिकेहून परत आला तेव्हा ग्रिल घेऊन आला आणि नंतर बंगळुरूला नोकरीला गेला. घरी त्याची आई होती, साठी ओलांडलेली, डोक्यावर पदर. फोनवर मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं: "दोन बर्नर गेलेत. चालेल तर न्या, नाहीतर भंगारात घालणार आहे."

ग्रिल मागच्या पडवीत होतं. त्यावर एक जुनी साडी नीट घडी घालून पांघरली होती. आईंनी ती काढली. झाकणाच्या मधोमध हळदकुंकवाची बोटं होती, एकावर एक चढून जाड झालेली. मुठीला वाळलेल्या झेंडूचा हार होता.

चाचांनी चपला पडवीबाहेर काढल्या. मग चुंबक काढलं.

झाकण ओतीव अॅल्युमिनियमचं. पेटीही तीच. वाजवली तर घंटेसारखी. नळ्यांना चुंबक चिकटलं नाही. जाळीवर वरवरचा गंज होता, बिडाला तो येतोच. स्क्रू-ड्रायव्हर कुठेच रुतला नाही. मुलाने इथला रेग्युलेटर आणि नळी आधीच बसवून घेतली होती. चाचांनी साबणाचा फेस करून सांध्यांना लावला, एकही बुडबुडा आला नाही. मग पेटवलं.

डावीकडच्या दोन नळ्या निळ्या पेटल्या. सरळ, आखल्यासारख्या. उजवीकडच्या दोन पिवळ्या, लांब, फडफडणाऱ्या. त्यांच्या टोकांवर काजळी. अशा जाळावर मांस ठेवलं तर काळं होतं, शिजत नाही. चाचांनी गॅस बंद केला. त्यांचा चेहरा पाहून मला धायरीचा जिना आठवला.

"नळ्या आतून गेल्या असतील," ते म्हणाले. "या मापाच्या इथे कुठे मिळायच्या?"

आई दारात उभ्या होत्या. "वाईट झालं म्हनायचं," त्या म्हणाल्या. "मी तर दर खंडेनवमीला पुजलंय त्याला. ट्रॅक्टर, मोटार, पंप आन् हे. कुनी कधी वापरलं न्हाई, पण पूजा चुकवली न्हाई."

चाचा चुंबक खिशात ठेवता ठेवता थांबले. "मावशी, पूजा कुठे करता याची? झाकणावर?"

"झाकनावर हळदकुंकू. आन् अक्षता तोंडात."

"कुठल्या तोंडात?"

"जाळाच्या तोंडात! चुलीला न्हाई का ठेवत?" त्या पुढे आल्या, खाली बसल्या आणि ग्रिलच्या पोटातलं दार उघडलं. हात आत घालून वर वळवला. "हितनं गॅस जातो, पोरानं दाखवलं हुतं. हितं चिमूट चिमूट घालते. तिकडच्या दोनांपतुर माझा हात पोचत न्हाई, म्हनून हितल्याच दोघांत."

चाचा फरशीवर बसले. प्रत्येक नळीच्या सुरुवातीला, बटणाच्या मागे, हवा आत यायची एक लहान खिडकी असते. गॅसमध्ये तिथे हवा मिसळली तरच ज्योत निळी होते. आम्ही आजवर नळ्या पाहिल्या होत्या. ही खिडकी कधी पाहिली नव्हती. चाचांनी नळीचा खिळा काढला, नळी बाहेर घेतली आणि उलटी करून फरशीवर आपटली. आधी काही पडलं नाही. दुसऱ्यांदा आपटल्यावर कुंकवाने लाल झालेल्या, दगड झालेल्या तांदळाचा एक गोळा बाहेर आला. मग दुसऱ्या नळीतूनही तसाच एक.

आईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! मीच मारलं की त्याला!"

"नाही मावशी," चाचा म्हणाले. "तुम्हीच राखलं. नळ्या बिघडल्या नसत्या तर पोराने केव्हाच विकलं असतं."

त्यांनी बाटली धुवायचा ब्रश मागितला. दोन्ही नळ्या घासल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या, परत बसवल्या. या वेळी चारही ज्योती निळ्या आल्या. आईंनी ज्योतींना हात जोडले.

दर त्यांच्या मुलाशी फोनवर ठरला. गाडीत घालायच्या आधी आईंनी विचारलं, "भाऊ, काय करनार यावर?"

मी चाचांकडे पाहिलं. पुजलेली वस्तू होती. चाचा आढेवेढे न घेता म्हणाले, "कबाब, मावशी. मटणाचे. माझं दुकान आहे."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "पोरगं त्यावर भोपळी मिरची भाजायचं म्हनत हुतं. त्यासाठी एवढं लोखंड आनायचं असतंय व्हय?" मग म्हणाल्या, "फकस्त एक करा. खंडेनवमी पाळा त्याची."

चाचांनी विचार केला. "पूजा मला यायची नाही. खोटं कशाला सांगू. घासूनपुसून ठेवीन. त्या दिवशी पेटवणार नाही."

"तेच की पूजा म्हंजे! हत्याराला वरसातनं एक दिस निजू द्यायचं असतंय." त्यांनी साडी उचलून चाचांच्या हातात दिली. "हे पांघरून बी न्या. त्याचंच हाय."

पुढचे दिवस दुकानाच्या मागच्या अंगणात गेले. तारेच्या ब्रशने जाळी घासली, तेल लावून तापवली, परत घासली. गॅस एजन्सीचा माणूस येऊन दुकानाच्या सिलिंडरला योग्य रेग्युलेटर आणि नवी नळी बसवून गेला. सळया आडव्या टेकवायला दोन्ही कडांवर लोखंडी पट्ट्या लागल्या. हळदकुंकवाची बोटं मात्र चाचांनी घासली नाहीत. "पुढच्या बाजूला आहेत. गिऱ्हाइकाला दिसतात," मी म्हणालो. "दिसू देत," ते म्हणाले. "कोणाची तरी मेहनत आहे."

पहिले कबाब कोरडे झाले. दुसऱ्या दिवशीचेही. मसाला तोच, हात तोच, पण चरबी ज्योतीवर पडून नुसतीच जळून जात होती. कोळशावर ती निखाऱ्यावर पडते, चरचरते आणि तिचा वास मांसाला परत मिळतो. चाचा कट्ट्यासमोर उभे राहून शेजारच्या गल्लीतलं पाडकाम पाहत होते. जुन्या घराचं छप्पर उतरत होतं, कौलांचा ढीग लागला होता. ते गेले आणि मुकादमाला विचारून चार धड कौलं घेऊन आले. धुतली, फोडली, तुकडे ज्योतींवर मांडले. कौल तापलं की निखाऱ्यासारखंच. चरबी पडली की चरचरतं, पण कोळशासारखा धूर होत नाही. जो थोडा होतो तो वर लावलेला पंखा बाहेर ओढतो. सळया फिरवताना चाचा खोकले नाहीत. हे माझ्या लक्षात आलं.

मुलगा संध्याकाळी कामावरून थेट दुकानात आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. बाकावर बसला. चाचांनी प्लेट पुढे ठेवली, कांदा, लिंबू, दोन कबाब. त्याने एक खाल्ला. मग दुसरा उचलला, खाली ठेवला आणि उठला.

"अब्बा, हे cheating आहे."

"कसलं?"

"कोळसा कुठे लपवलाय?"

तो कट्ट्यामागे गेला. ग्रिलचं खालचं दार उघडलं, सिलिंडरमागे पाहिलं, मागच्या अंगणात जाऊन जुनी शेगडी हात लावून पाहिली. ती थंड होती, तिच्यात मांजर झोपलं होतं. परत आला तेव्हा चाचा पुढची सळई फिरवत होते.

"मिळाला?" त्यांनी विचारलं.

मुलगा बाकावर बसला आणि राहिलेला कबाब खाल्ला. "दुकानाची जागा द्यायची नाही असं त्या मोबाइलवाल्याला मी सांगतो," तो म्हणाला. मग तिसरा मागितला.

दुकान चालू झालं. जुने लोक परत आले. काहींना बदल कळला, बहुतेकांना नाही. आमच्या कचेरीतल्या एका तरुण उपसंपादकाने सांगितलं की पूर्वीची चव राहिली नाही. तो पूर्वी कधीच आला नव्हता.

आठवड्याभरातच खंडेनवमी आली. ऐन गर्दीचे दिवस होते, आदल्या संध्याकाळी बाकडी पुरली नव्हती. मुलगा म्हणाला, "अब्बा, उद्या सुट्टी नको. आत्ताच तर सुरू झालंय." चाचा म्हणाले, "शब्द दिलाय." सकाळी त्यांनी ग्रिल धुतलं, पुसलं, जाळीला तेलाचा हात दिला आणि मांजरीच्या मावशींनी दिलेली साडी पांघरली. मग मला बोलावून घेतलं, कारण शटरवर लावायला पाटी हवी होती आणि लिहिणं माझं काम.

मी लिहिलं: "आज ग्रिलला सुट्टी."

चाचांनी वाचलं. "एवढंच नको, संपादकसाहेब. लोकांना वाटेल, परत बंद पडलं."

मी खाली दुसरी ओळ लिहिली: "उद्या नेहमीप्रमाणे."

मुलाने पाटी हातात घेतली, दुसरी ओळ वाचली आणि चिकटपट्टी आणायला गेला.